शेड किती किलोची?

शेड बांधायला निघालेला माणूस ऑफिसात येतो, प्लॉटचा नकाशा टेबलावर पसरतो आणि चहा यायच्या आत विचारतो, "साहेब, चौरस फुटाला किती किलो बसेल?" त्याचं चुकत नाही. फॅब्रिकेटर भाव सांगतो तो किलोवर. कापणं, जोडणं, रंग, उभारणी, सगळं त्याच हिशेबात येऊन बसतं. शेजारच्या प्लॉटवाल्याची शेड किती किलोत उरकली हे त्याने ऐकलेलं असतं, आणि आपली त्याहून जास्त का, हे तो स्ट्रक्चरल इंजिनिअरला, म्हणजे मला, विचारणारच.

अडचण एवढीच, की किलो हा गणिताच्या शेवटच्या ओळीत येणारा आकडा आहे. तो पहिल्या ओळीत लिहिला, की मधलं सगळं गणित त्याच्या सोयीने करावं लागतं. त्या मधल्या ओळींत काय असतं ते सांगायला आपण एक शेड मनात उभी करू. चाकणच्या बाजूला, एमआयडीसीत. रुंदी २० मीटर, लांबी ६० मीटर, खांब ८ मीटर उंच. दर ६ मीटरला एक फ्रेम, म्हणजे एकूण ११ फ्रेम. फ्रेम म्हणजे समोरासमोरचे दोन खांब आणि त्यांच्या डोक्यावरून आढ्याकडे चढत जाणारे दोन राफ्टर. पूर्वी इथे अँगलची कैची असायची, आता बहुतेक ठिकाणी सरळ आयबीम असतो. राफ्टरवर आडव्या पर्लिन, पर्लिनवर पत्रा. जगातल्या निम्म्या कारखान्यांचं अंग असंच असावं.

तेवढंच वजन, वेगळं काम

पहिला फोन येतो तो माल घ्यायला गेलेल्या फॅब्रिकेटरचा. "साहेब, ३०० चा बीम बाजारात नाहीये. २०० चे दोन चॅनेल तोंडाला तोंड लावून जोडून टाकू का? वजन तेवढंच येतंय."

वजन खरंच तेवढंच येतं. तक्ता उघडून बघा: आयएसएमबी ३०० (म्हणजे ३०० मिलिमीटर उंचीचा आयबीम) चं वजन मीटरला ४४.२ किलो, आयएसएमसी २०० (२०० मिलिमीटरचा, तीन बाजूंचा चॅनेल) चं २२.१ किलो. दोन चॅनेल म्हणजे बरोबर ४४.२. किलोच्या हिशेबात दोघे जुळे भाऊ. पण वाकण्याला विरोध करायची ताकद बघितली तर बीम ८६०० च्या आसपास आणि ते दोन चॅनेल मिळून ३६४० च्या आसपास. (एकक सेंटिमीटरचा चौथा घात, त्याने घाबरू नका, दोन आकड्यांचं प्रमाण तेवढं लक्षात ठेवा.) म्हणजे तेच लोखंड, तोच पैसा, आणि त्याच भाराखाली झोळ दुपटीहून जास्त.

याचं कारण शाळेतल्या फूटपट्टीत आहे. पट्टी आडवी धरली तर बोटाने वाकते, कडेवर उभी धरली तर हलत नाही. लोखंड मध्यापासून जेवढं लांब, तेवढं ते वाकण्याविरुद्ध जास्त झगडतं, आणि हा फायदा अंतराच्या वर्गाने वाढतो. आयबीमचा आकार त्यासाठीच तसा आहे: बहुतेक माल वरच्या आणि खालच्या आडव्या पट्टीत, म्हणजे फ्लँजमध्ये, आणि मध्ये फक्त त्यांना एकमेकांपासून लांब धरणारी पातळ उभी पट्टी, म्हणजे वेब.

मग फॅब्रिकेटरला सरळ नाही सांगायचं? थांबा. तोच बीम आता खांब म्हणून उभा करा आणि त्याच्या नाजूक दिशेने बघा. त्या बाजूला आयएसएमबी ३०० ची ताकद ४५४ पर्यंत घसरते, म्हणजे मजबूत दिशेच्या एकोणिसाव्या हिश्श्यावर. त्या दोन चॅनेलच्या पेटीची मात्र त्याच दिशेला १८८० च्या घरात जाते, चौपटीहून जास्त. कुठूनही बाक येऊ शकेल अशा सुट्या उभ्या खांबाला ती पेटीच बरी. म्हणून फोनवर माझा उलट प्रश्न असतो, "कुठे लावतोयस?" तो सांगेपर्यंत हो किंवा नाही म्हणण्यात अर्थ नसतो.

छताला खाली पडायची घाई नसते

आता वारा. बहुतेकांच्या मनात छत म्हणजे डोक्यावरचं ओझं. आपल्या शेडच्या छताचं वजन मात्र किती? पत्रा, पर्लिन, राफ्टर मिळून चौरस मीटरला १५ ते २० किलो. एवढ्या हलक्या गोष्टीला पडण्यापेक्षा उडण्याची भीती जास्त.

भारतीय मानकाच्या ८७५ क्रमांकाच्या संहितेचा तिसरा भाग वाऱ्याचा आहे. त्यात देशाचा नकाशा आहे आणि महत्त्वाच्या शहरांचा मूळ वेग दिलेला आहे. पुण्याला सेकंदाला ३९ मीटर, मुंबई-नागपूरला ४४ मीटर. ताशी म्हटलं तर १४० आणि १५८ किलोमीटर. हा रोजचा वारा नव्हे. मोकळ्या माळावर दहा मीटर उंचीवरून जाणारा, पन्नास वर्षांत सरासरी एखादा यावा असा झोत. वेगाचा दाब करताना वर्ग घ्यायचा आणि ०.६ ने गुणायचं; उत्तर न्यूटनमध्ये येतं, ते किलोत आणायचं. पुण्याला चौरस मीटरला साधारण ९३ किलो, मुंबईला ११८. वेग १३ टक्क्यांनी वाढला, दाब २७ टक्क्यांनी. पुण्यात चाललेलं ड्रॉइंग नागपूरजवळच्या बुटीबोरीत जसंच्या तसं वापरणाऱ्याने हा वर्ग विसरलेला असतो. (उंची, आजूबाजूचा मोकळेपणा, टेकडीचा उतार यांचे गुणक वेगळे, ते इथे सोडून देतो.)

वारा कमी उताराच्या छतावरून सरपटत जातो तेव्हा तो छताला दाबत नाही, वर ओढतो. त्यात समोरचं शटर उघडं असेल तर आत घुसलेली हवा आतून ढकलते. बाहेरून ओढ, आतून ढकल. मानकात आतल्या दाबाचे तीन टप्पे आहेत: भिंतीत उघडी जागा ५ टक्क्यांपर्यंत असेल तर गुणक ०.२, २० टक्क्यांपर्यंत ०.५, त्याहून जास्त असेल तर ०.७. म्हणजे डिझाइन झाल्यावर मालकाने "उन्हाळ्यात हवा खेळू दे" म्हणून एका बाजूची भिंतच अर्धी मोकळी ठेवली, तर कागदावरची शेड आणि जमिनीवरची शेड वेगवेगळ्या झाल्या. गंमत म्हणजे त्यात किलो वाचलेले दिसतात.

आपल्या एका फ्रेमच्या वाट्याला ६ गुणिले २०, म्हणजे १२० चौरस मीटर छत येतं. सगळे गुणक लावून, बऱ्यापैकी उघड्या शेडसाठी, त्यावर वरची ओढ ढोबळमानाने ८-९ टनांच्या घरात जाते. तेवढ्या छताचं स्वतःचं वजन जेमतेम २ टन. उरलेला जोर खांबांतून खाली उतरतो आणि पायाला जमिनीतून उपटू बघतो, एकेका खांबापाशी तीन-साडेतीन टन. त्यामुळे "एवढ्या हलक्या शेडला एवढा मोठा पाया कशाला?" या प्रश्नाचं उत्तर असं, की पाया शेडला पेलायला कमी आणि धरून ठेवायला जास्त लागतो. वारा सुरक्षा-गुणक लावून दीडपट धरतात. छताचं वजन मात्र ०.९ ने गुणून घेतात. इथे वजन आपल्या बाजूने लढतंय, आणि आपल्या बाजूच्या माणसावर शंभर टक्के भरवसा ठेवायचा नाही असा तो नियम.

वळवाच्या आधी सुटणाऱ्या वाऱ्यात पत्रे उडाल्याच्या बातम्या दर मे महिन्यात येतात. पत्रा आधी सुटतो तो कडेला आणि कोपऱ्यात, कारण तिथे ओढ सगळ्यात जास्त असते. स्क्रू मात्र मधल्या भागात आणि कोपऱ्यात एकाच अंतरावर मारलेले असतात.

खराट्याची हीर

वाऱ्याची खरी खोडी अजून सांगायची आहे, आणि त्यासाठी आधी खराट्यातून एक हीर काढून घ्या. दोन्ही टोकांनी ओढा. हाताने तुटणार नाही. आता दोन्ही टोकं एकमेकांकडे दाबा. लगेच बाजूला वाकून निसटेल. लोखंडाचंही तसंच. ओढलेलं लोखंड त्याच्या ताकदीपुरतं टिकतं. दाबलेलं लोखंड त्याच्या लांबीच्या मर्जीवर असतं. हीर अर्धी मोडून पुन्हा दाबा, चौपट जोर लागेल. किंवा मोडू नका, नुसतं मध्यावर कुणाला तरी दोन बोटांनी धरायला सांगा. तरी तेवढाच, चौपट. हे अठराव्या शतकात गणितज्ञ ऑयलरने गणितात मांडलं. स्टील डिझाइनचा निम्मा धंदा या दोन बोटांवर चालतो: कुठे धरायचं, आणि कोण धरणार.

राफ्टरवर वरून वजन आलं की मधल्या भागात त्याचा वरचा फ्लँज दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. दाबला जाणारा फ्लँज म्हणजे आपली हीर. त्याला बाजूला निसटायचं असतं. पण त्याच्यावर दर दीड मीटरला पर्लिन बसलेली असते, ती त्याला धरते. मग वारा सुटतो आणि छत वर ओढलं जातं. आता सगळं उलटं. खालचा फ्लँज दाबला जातो, आणि त्याला धरायला खाली कुणीच नसतं. (खांबाजवळच्या कोपऱ्यात तर नेहमीच्या वजनातही खालचाच फ्लँज दाबाखाली असतो.) दहा मीटरच्या राफ्टरचा खालचा फ्लँज, सरळ मोकळा, बाजूला लचकायला तयार.

उपाय फार छोटा आहे. पर्लिनपासून राफ्टरच्या खालच्या फ्लँजपर्यंत तिरका एक अँगलचा तुकडा. त्याला फ्लाय ब्रेस म्हणतात. ५० बाय ५० बाय ६ चा, मीटरभर लांब, वजन साडेचार किलो. एका राफ्टरला असे चार-सहा. संगणकात राफ्टरचा आकार ठरवताना इंजिनिअरने ‘खालचा फ्लँज इतक्या-इतक्या अंतरावर धरलेला आहे’ असं लिहिलेलं असतं, आणि त्या एका ओळीमुळे राफ्टर हलका झालेला असतो. साइटवर मात्र हे तुकडे सगळ्यात शेवटी लावायचे असतात. तोवर पत्रा चढलेला असतो, हायड्रा (माल उचलणारी फिरती क्रेन) परत गेलेली असते, मालकाने पूजेचा दिवस धरलेला असतो. साइटवर जाऊन मान वर करून बघितलं तर तीन फ्रेमना तुकडे आहेत, पुढच्या आठ फ्रेमना नाहीत. "शेड तर उभी आहे की साहेब." उभी आहेच. तो वारा अजून आलेला नाही.

ज्या शेडमध्ये किलो वाचवायला राफ्टर हलका केला, त्या शेडमध्ये हे साडेचार किलो जास्त मोलाचे होतात. जाड राफ्टर तुकड्यांशिवायही कदाचित निभावून नेईल. पातळ नेणार नाही.

हीच गोष्ट लांबीच्या दिशेला. आपले खांब आयबीमचे, मजबूत अंग रुंदीकडे, नाजूक अंग लांबीकडे. साठ मीटरच्या दिशेने हे अकरा खांब रांगेत उभी केलेली पत्त्यांची पानं आहेत. त्यांना उभं ठेवतो तो फुलीच्या आकाराच्या ब्रेसिंगचा एक-दोन गाळा (गाळा म्हणजे दोन फ्रेममधली जागा). बाकीचे खांब वरच्या पाइपने किंवा रनरने त्या गाळ्याला बांधलेले असतात. फुलीतला एक तिरका हात ओढ घेतो, वारा उलटा आला की दुसरा. दाबाखालचा हात वाकून बाजूला होतो असंच बऱ्याचदा धरलेलं असतं, म्हणून ते हात दिसायला किरकोळ. मानकातही हा भेद आहे: नेहमी वजन पेलणारा, दाबाखालचा तुकडा किती सडपातळ चालेल, म्हणजे लांबी आणि जाडपणाचं प्रमाण किती, याची मर्यादा १८०, फक्त वारा-भूकंपाने दबणाऱ्याला २५०, आणि कायम ओढीतच राहणाऱ्याला ४००.

आणि नेमक्या त्या किरकोळ दिसणाऱ्या फुलीत मालकाला शटर हवं असतं. शेड झाल्यावर दोन वर्षांनी नवीन मशिन येतं, ट्रक आत यायला वाट लागते, वेल्डर गॅस कटर घेऊन येतो. मला फोन आलाच तर तो बहुधा फुली कापून झाल्यावरचा असतो: "काही होणार नाही ना?" उत्तर असं, की त्या गाळ्यात फुलीऐवजी पोर्टल बसवता येतं, म्हणजे दाराच्या दोन्ही बाजूंना आणि वर जाड सेक्शन, कोपरे पक्के जोडलेले. वजन बरंच वाढतं. किंवा फुली शेजारच्या गाळ्यात न्यायची, पण आधी तिथे लावायची आणि मग इथली कापायची. क्रम उलटा झाला तर मधल्या आठवड्यात ती शेड नुसत्या सवयीवर उभी असते.

उभारणीच्या वेळीही हाच धोका असतो. पहिल्या दोन फ्रेम उभ्या करून, त्यांच्यातल्या पर्लिन आणि ब्रेसिंग पूर्ण घट्ट करून मगच पुढे जायचं. सगळे खांब-राफ्टर आधी उभे करून टाकू, बारीकसारीक नंतर, हा हिशेब हायड्राचं भाडं वाचवतो खरा.

तुटत नाही, पण झोळ जातो

एक सल्ला हल्ली सर्रास ऐकू येतो: "जास्त ताकदीचं स्टील वापरा, सेक्शन लहान करा." ई २५० ऐवजी ई ३५०. आकडे म्हणजे वाकून कायमचं बदलण्याआधी ते स्टील किती ताण सोसेल, चौरस मिलिमीटरला न्यूटनमध्ये. ३५० वालं चाळीस टक्के जास्त सोसतं हे खरं.

पण आपला आयएसएमबी ३०० दोन खांबांवर ६ मीटरच्या अंतरात टाका आणि त्यावर मीटरला एक टन भार ठेवा. मध्यावर तो साधारण १० मिलिमीटर खाली येईल. ई २५० असेल तरी १०, ई ३५० असेल तरी १०. कारण झोळ स्टीलच्या ताकदीवर ठरत नाही, कडकपणावर ठरतो, आणि सगळ्या बांधकामाच्या स्टीलचा कडकपणा एकच धरतात, त्याच एककात दोन लाख. त्या १० मिलिमीटरच्या वेळी बीममधला ताण किती? ७५-८० च्या आसपास. २५० च्या एक तृतीयांशसुद्धा नाही. बीमला तुटण्याची चिंता नाहीच.

आता याच बीमवर क्रेनचा रूळ टाकायचा आहे असं मालक म्हणतो. ५ टनांची विजेवर चालणारी क्रेन. मानक सांगतं, अशा क्रेनच्या गर्डरचा झोळ अंतराच्या ७५० व्या हिश्श्याच्या आत ठेवा. ६ मीटरला ८ मिलिमीटर. आपला बीम ताकदीत पास, झोळात नापास. रुळात जास्त बाक आला तर क्रेन उतारावरून चढावर चढत राहते, चाकं घासतात, मोटर कुरकुरते. महागडं स्टील आणून इथे काही मिळत नाही. उंच सेक्शन लागतो. अंतर दुप्पट झालं तर सारख्या पसरलेल्या भारासाठी झोळ सोळापट होतो, म्हणून "मधला एक खांब काढून टाका ना" ही विनंती दिसते तेवढी साधी नसते.

क्रेनचा एक वेगळाच स्वभाव आहे. ती रोज शेकडो वेळा येते-जाते. उचललेला भार झटक्याने थांबतो, म्हणून चाकांचा भार २५ टक्के वाढवून धरायचा. ट्रॉली आणि उचललेला माल यांच्या वजनाच्या १० टक्के जोर आडवा धरायचा. वर्षानुवर्षांच्या या ये-जा करण्याने लोखंड थकतं, आणि थकव्याची चीर बहुधा एखाद्या फालतू वेल्डपासून सुरू होते. कुणीतरी विजेची पाइप अडकवायला क्रेन गर्डरच्या खालच्या फ्लँजला एक क्लिप वेल्ड करतो. पाच मिनिटांचं काम. पाइप धरायला क्लॅम्प लावा, छिद्र पाडलेला ब्रॅकेट वेबच्या मध्यावर घ्या, काहीही करा, पण ताणाखालच्या त्या फ्लँजला वेल्डिंगची काडी लावू नका. एवढं मी ड्रॉइंगवर ठळक अक्षरात लिहितो. तरी क्लिपा दिसतातच.

जोड

संगणकाच्या पडद्यावर दोन रेषा एका बिंदूत भेटतात. साइटवर त्या बिंदूच्या जागी प्लेट असते, बोल्ट असतात, वेल्ड असतो, आणि त्यांच्यामध्ये पान्याचं डोकं शिरायला जागा आहे की नाही हा प्रश्न असतो. पडद्यावर इंजिनिअर ठरवतो, हा जोड बिजागरीसारखा फिरेल किंवा कोपरा पक्का राहील. प्रत्यक्षात जोड कसा वागायचा ते त्याला लावलेल्या प्लेटवर आणि बोल्टवर ठरतं.

खांबाच्या पायाचंच बघा. खांब पायाशी पक्का धरला तर फ्रेम कमी डुलते आणि स्टीलचे किलो कमी होतात. मालक खूश. पण पक्का धरायचा म्हणजे जाड बेस प्लेट, लांब-लांब ठेवलेले फाउंडेशन बोल्ट आणि उलथून न पडणारा मोठा काँक्रीटचा पाया. वाचलेले किलो खड्ड्यात जातात, फक्त ते सिव्हिलवाल्याच्या बिलात दिसतात. आणि साइटवर पातळ प्लेट आणि वेबजवळ दोनच बोल्ट लावले, तर जो पाया पक्का धरला होता तो बिजागरी होऊन बसतो.

बोल्टचंही तसंच. एम २० चा, म्हणजे २० मिलिमीटर जाडीचा, ४.६ ग्रेडचा बोल्ट, आटे कापाच्या जागी आले तर, साधारण ४५ किलोन्यूटन म्हणजे साडेचार टन कातरजोर घेतो. ८.८ ग्रेडचा तोच बोल्ट त्याच्या दुप्पट. जाडी तीच, पाना तोच, छिद्र तेच २२ मिलिमीटरचं. फरक फक्त डोक्यावर उमटवलेल्या आकड्यात. गोणी एकत्र ओतल्या की संपलं. म्हणून शक्यतो एका साइटवर एका जाडीचा एकच ग्रेड मागवावा. चार पैसे जास्त गेले तर जाऊ द्यावेत. वेल्डच्या बाबतीत मानकानेच माणसाचा स्वभाव ओळखला आहे: वर्कशॉपमधल्या वेल्डला सुरक्षा-गुणक १.२५, साइटवरच्या वेल्डला १.५. वर चढून, एका हाताने लटकत, जनरेटरच्या खालीवर होणाऱ्या विजेवर केलेला वेल्ड तेवढा भरवशाचा नसतो.

जोडाची सगळ्यात प्रसिद्ध कहाणी अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीची. तिथल्या हयात रीजन्सी हॉटेलच्या उंच दिवाणखान्यात हवेत लटकणारे पूल होते. दुसऱ्या मजल्याचा पूल बरोबर चौथ्या मजल्याच्या पुलाखाली. दोन्ही छतापासून लोखंडी सळ्यांनी टांगलेले. मूळ ड्रॉइंगमध्ये एकच लांब सळी छतापासून निघून चौथ्या मजल्याच्या बीममधून आरपार जाऊन दुसऱ्या मजल्यापर्यंत होती, आणि प्रत्येक बीमखाली एक नट. पण मधल्या नटाला जागेवर न्यायचं तर सळीला खालपासून तिथपर्यंत आटे पाडायला हवेत. फॅब्रिकेटरकडून सूचना आली: दोन सळ्या करू. एक छतापासून चौथ्या मजल्याच्या बीमपर्यंत, दुसरी त्याच बीमपासून दुसऱ्या मजल्यापर्यंत. ऐकायला शहाणपणाची गोष्ट. शॉप ड्रॉइंगवर, म्हणजे फॅब्रिकेटरने बनवलेल्या ड्रॉइंगवर, इंजिनिअरचा शिक्का बसला.

विहिरीत सोडलेल्या दोरावर दोन माणसं लटकली आहेत असं समजा. दोघांनी दोर आपापल्या मुठीत धरला असेल तर प्रत्येक मूठ एकेका माणसाचं वजन पेलते. खालच्याने दोर सोडून वरच्याचा पाय धरला, तर दोरावरचं वजन तेवढंच राहतं, पण वरच्याच्या मुठीत दोघांचं वजन येतं. दोन सळ्या केल्यावर चौथ्या मजल्याच्या बीमखालच्या नटाचं तेच झालं. आणि तो बीम म्हणजे काय होता? आठ इंची, म्हणजे साधारण २०० मिलिमीटरचे दोन चॅनेल, तोंडाला तोंड लावून वेल्ड केलेली पेटी. सळी त्या वेल्डच्या सांध्यातूनच गेलेली. १७ जुलै १९८१ च्या संध्याकाळी खाली नाच चालू असताना तो नट पेटी फाडून वर निघून गेला आणि दोन्ही पूल खाली आले. ११४ माणसं गेली. चौकशीत असंही निघालं, की मूळचा एका सळीचा जोडसुद्धा तिथल्या नियमांनी मागितलेल्या ताकदीच्या सुमारे ६० टक्केच होता. त्या जोडाचं गणित नीट कुणी केलंच नव्हतं. डिझाइनवाल्यांना वाटलं फॅब्रिकेटर करेल, फॅब्रिकेटरला वाटलं ते झालेलं आहे. पुढे संबंधित इंजिनिअरांचे मिझुरी राज्यातले परवाने रद्द झाले.

मी हे नव्या मुलांना सांगतो तेव्हा ते दुप्पट वजनाच्या भागाने चकित होतात. मला जास्त बोचतं ते शिक्क्याचं. दुपारच्या गडबडीत व्हॉट्सॲपवर शॉप ड्रॉइंगचा फोटो येतो, खाली लिहिलेलं असतं, "सर, छोटासा बदल आहे, ओके करा." अंगठा दाखवायला एक सेकंद लागतो.

आठ वर्षांनी, सोलर

शेड उभी राहिली, चालली, आणि आता मालकाला छतावर सोलर पॅनेल टाकायचे आहेत. हा प्रश्न हल्ली दर आठवड्याला येतो. युक्तिवादही ठरलेला: "साहेब, तुम्ही छतावर चौरस मीटरला ७५ किलोचा भार धरला होता ना? पॅनेल तर सगळं मिळून पंधराच किलो होतात."

७५ किलो धरले होते हे खरं. दहा अंशांपर्यंतच्या, सहसा कुणी न चढणाऱ्या छताला मानक तेवढेच सांगतं. पण ते दुरुस्तीला चढणाऱ्या माणसांसाठी आणि त्यांच्या सामानासाठी होते. पॅनेल बसल्यावर माणसं चढायची थांबत नाहीत; उलट पॅनेल धुवायला जास्त चढतात. शिवाय पॅनेलचं वजन कायमचं आहे, आणि छताचं मूळचं कायमचं वजनच १५-२० होतं, त्यात आणखी १५ म्हणजे जवळजवळ दुप्पट. वाऱ्याच्या बाजूने बघितलं तर पत्र्याला चिकटून बसवलेले पॅनेल फारसा त्रास देत नाहीत. उन्हाकडे तोंड करून तिरके उभे केलेले देतात, आणि ती ओढ पत्र्याच्या स्क्रूंवर न सोडता पर्लिनपर्यंत नेली पाहिजे. बहुतेक वेळा राफ्टर आणि खांब पास होतात. अडतात त्या पर्लिन, कारण किलो वाचवायला सगळ्यात आधी त्याच घासलेल्या असतात.

मग मी जुनं ड्रॉइंग मागतो. मालक म्हणतो फॅब्रिकेटरकडे असेल, फॅब्रिकेटरने तोवर धंदा बदललेला असतो. शेवटी एक मुलगा शिडी लावून वर चढतो, पर्लिनच्या कडेवरचा रंग पॉलिश पेपरने घासतो, व्हर्निअर लावतो आणि वरूनच ओरडून सांगतो, "सर, दोन एमएमची नाहीये, एक पॉइंट सहाची आहे." खाली उभा असलेला मालक माझ्याकडे बघतो. मी विचारतो, फ्लाय ब्रेस दिसतायत का ते पण बघ.